मामांनी न ऐकलेली फायनल

मला बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी स्वयंपाकाचं विचारलं नाही, शिवणाचंही नाही. चहा संपवला, कपबशी बाजूला सारली आणि म्हणाले, "सोलापूरला शाळेत हॉकी खेळत होतीस म्हणं. कोणत्या जागेवर?"

"राइट हाफ."

"समोरचा लेफ्ट आउट बॉल घेऊन सुटला, तर काय करशील?"

माझ्या वडिलांचा चेहरा पडला. जळकोटहून मला सोलापूरला शिकायला ठेवलं हेच त्यांना भावकीत जड गेलं होतं. तिथं मी मैदानावर पळत होते ही गोष्ट पाहुण्यांसमोर निघू नये म्हणून ते आठवडाभर सगळ्यांना बजावत होते. पण प्रश्न सोपा होता. मी म्हणाले, "त्याला रेषेकडं रेटत न्यायचं. आत वळू द्यायचं न्हाय. आन् घाईनं स्टिक घालायची न्हाय."

सासऱ्यांनी मुलाकडे बघितलं. "मला पसंत हाय. आता तू काय बघायचं ते बघ."

लग्नानंतर मी त्यांना मामा म्हणू लागले. गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात ते प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि माझ्या लग्नाच्या वर्षीच निवृत्त झाले. त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळात उस्मानाबादच्या हायस्कुलात, उर्दूतून झालेलं. तिथं हैदराबादहून आलेल्या एका ड्रिल मास्तरांनी त्यांच्या हातात स्टिक दिली. मामा गुलबर्गा, बीदरपर्यंत सामने खेळून आले होते. गुडघा गेला, नोकरी लागली, खेळ संपला. रेडिओवर ऐकणं मात्र सुटलं नाही. बाकीच्या जगाच्या बातम्यांना ते फारसं विचारत नसत. निवडणुकीचा निकाल लागत असला तरी "आधी खेळाच्या बातम्या होऊ द्या" म्हणायचे.

आणि त्या काळात खेळाच्या बातम्या वाईटच असत. हॉकीतलं सोनं म्हणजे आपल्या घरचंच अशी त्यांची लहानपणापासूनची समजूत. चौसष्टनंतर ते आलं नाही. दोनदा ब्राँझ आलं. पहिला विश्वचषक झाला त्यातही तिसरेच. प्रत्येक वेळी मामा रात्रीचं जेवत नसत. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, ताट झाकून ठेवताना म्हणायच्या, "तिकडं कोण कुठला हारतो आन् हितं माझी भाकर वाळती."

घरात हॉकी कळणारं दुसरं माणूस मीच. माझे पती दुष्काळी कामांवर ओव्हरसियर होते. पाझर तलावाच्या कामावर मुक्काम असायचा, रविवारी घरी. तेव्हा ट्रान्झिस्टरपुढे आम्ही दोघंच. मामा पाटावर, मी जात्याजवळ. सून सासऱ्यासमोर अशी बसते याबद्दल गल्लीत बोललं जायचं. मामांना त्याचं काही नव्हतं. कॉमेंट्री हिंदीतून यायची, वेगानं. मध्ये आवाज गेला की मामा खेळ पुढे चालवायचे: "आता राइट इननं पास दिला असंल. दिला असंल का न्हाय?" मी म्हणायचे, "मागं दिला असंल मामा, समोर गर्दी हाय." आवाज परत आला की कोण बरोबर ते कळायचं. बहुतेक वेळा तेच बरोबर असत.

माझं लग्न झालं त्या वर्षी पाऊस निम्माच झाला. पुढच्या वर्षी झालाच नाही. टँकरच्या रांगेत एक दिवस बायकांमधून आवाज आला, "गुरुजींची सून आली आन् आभाळ गेलं. पायगुण असतो एकेकीचा." मी हंडा भरून घरी आले. रडणारी मी नाही. आत्याही चार दिवसांपासून तसंच काहीतरी पुटपुटत होत्या. मामांना कुठून कळलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः टँकरपाशी गेले आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाऊस समुद्रावरनं येतो. तिच्या माहेरावरनं न्हाय. चौथीच्या पुस्तकात हाय. तुमच्यातल्या निम्म्या जणींना म्याच शिकवलंय, माझी लाज काढू नका." मग घरी येऊन आत्यांनाही तेच सांगितलं. पायगुणाचं नाव आमच्या घरात परत निघालं नाही. पुढं ते काढलं मी.

त्र्याहत्तरचा पाऊस बरा झाला. त्या सप्टेंबरात विश्वचषकाची फायनल हॉलंडशी, हॉलंडमध्ये. आपल्याकडे दिवेलागणीची वेळ. नेमकी त्याच संध्याकाळी चावडीत गावची बैठक होती. दुष्काळात जनावरं गेलेली. आता गायी घेऊन दूध संस्था काढायची ठरत होती आणि सगळ्यांचं म्हणणं, सेक्रेटरी गुरुजींनीच व्हावं. मामा मला म्हणाले, "तू ऐक. म्या तासाभरात येतो. नीट ध्यानात ठेव, मला समदं सांगायचं हाय."

सुरुवातीच्या काही मिनिटांतच आपले दोन गोल झाले. मी एकटीच होते. चुलीवर वरण होतं. दोन गोल! मी उठून उभी राहिले, परत बसले. दुसऱ्या गोलाला मी इतक्या जोरानं ओरडले म्हणे, की चावडीपर्यंत ऐकू गेलं. बैठक तशीच टाकून मामा आले. धोतर सावरत, दुखऱ्या पायानं जवळजवळ पळत. "किती?" "दोन-शून्य, मामा!" ते पाटावर बसले आणि त्यांनी हात जोडले.

ते बसल्यावर हॉलंडनं एक गोल फेडला. मग दुसरा. जादा वेळेत आपल्याला पेनल्टी स्ट्रोक मिळाला. तो मारला असता तर विश्वचषक आपला होता. तो वाया गेला. मग दोन्हीकडून स्ट्रोक मारायची वेळ आली आणि आपण हरलो.

मी रेडिओ बंद केला. वरण तळाला लागलं होतं. तोपर्यंत चावडीतले चार-पाच लोक दारात येऊन उभे होते, कारण गुरुजी बैठकीतून असे का पळाले ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांच्यासमोर मी मामांना म्हणाले, "तुम्ही नव्हता तवर दोन गोल होते. तुम्ही येऊन बसला आन् समदं गेलं. तुमचाच पायगुण."

एवढंच. रागात माणूस काहीही बोलतं असं म्हणून मला सुटता येत नाही, कारण शब्द मी निवडून घेतला होता. कुठं लागेल ते मला ठाऊक होतं. मला स्वतःला लागला होता ना. आत्या म्हणाल्या, "अगं, तोंड आवर." मामांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "व्हय की. आलो नसतो तर बरं झालं असतं," आणि परत बैठकीला गेले.

दारात जे उभे होते त्यातला एकजण पुढं दूध संस्थेचा चेअरमन झाला. माणूस वाईट नव्हता, पण मस्करी मिळाली की सोडायचा नाही. आठ दिवसांत गावभर झालं. कुणाची कोंबडी अंड्यावर बसेना, "गुरुजींनी बघितली काय?" एस.टी. चुकली, "गुरुजी स्टँडवर हुते का?" मामाही हसायचे. ते हसतात म्हणून मला वाटलं, त्यांनी मनावर घेतलेलं नाही. मात्र पुढच्या मालिकेच्या वेळी, मी ट्रान्झिस्टर काढला तसे ते उठले आणि छत्री घेऊन शेताकडे निघाले. "ऐक तू. मला मागनं सांग." पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं: मामा, बसा, मी बोलले ते खोटं होतं. म्हणाले नाही. त्याची कारणं मी पुष्कळ सांगत आले. घाईगडबड, माझी पहिली मुलगी पोटात होती, सुनेनं सासऱ्याची माफी मागायची पद्धत आमच्यात नाही. खरं कारण वेगळं होतं. रेडिओ एकटीला मिळाला याचं मला वाईट वाटलं नव्हतं. शेजारी कुणी श्वास रोखून बसलेलं नाही, खेळ पुढे चालवून दाखवत नाही. मी ऐकायचे, आणि संध्याकाळी मामा माझ्यापुढे बसून विचारायचे. घरात सुनेला अशी जागा कोण देतं? मला ती आवडली होती.

दूध संस्था निघाली. चावडीजवळ एक पत्र्याची खोली, समोर रस्ता, रस्त्यापलीकडे पेंडीची पोती ठेवायची पडवी. मामा सेक्रेटरी. मॅट्रिक झालेली म्हणून दूध तपासायचं काम माझ्याकडे आलं. लॅक्टोमीटर भांड्यात सोडायचा, आकडा वाचायचा, पाणी घातलेलं निघालं की दूध परत द्यायचं. लोक मला वचकून असत. बाईमाणसानं घरातलं दूध परत पाठवणं त्यांना नवीन होतं.

पंचाहत्तरच्या मार्चमध्ये विश्वचषक मलेशियात होता. उपांत्य सामना आपण शेवटपर्यंत हरत होतो. अगदी अखेरीला बरोबरी आणि मग जादा वेळेत विजय. मामा त्या वेळेस शेतात होते. फायनल पाकिस्तानशी ठरली आणि ज्यांना हॉकीची स्टिक कोणत्या बाजूनं धरायची हे माहीत नव्हतं तेही विचारू लागले, "वैनी, रेडिओ हापिसात आणा की. समदे ऐकू."

सामना दुपारचा. पत्र्याच्या खोलीत पंधरा-वीस माणसं, दुधाचे कॅन भिंतीला लावून मधे जागा केलेली. ट्रान्झिस्टर टेबलावर. मी टेबलाजवळ, कारण काटा हलला की स्टेशन परत धरायला मीच लागायचे. मामा दारात आले. धुतलेला सदरा, टोपी. गाव बघत होतं.

चेअरमन म्हणाला, "गुरुजी, तुम्ही शिवंच्या बाहीर जाता का? बैलगाडी जुंपून देतो."

सगळे हसले. मामाही हसले. "शिवंच्या बाहीर कशाला? हितंच पडवीत बसतो. कानात बोळे घालतो." आणि खरोखर त्यांनी खिशातून कापसाचे दोन बोळे काढले. घरून आणले होते. मग मला म्हणाले, "संपलं की ये. आधी येऊ नको."

ते रस्ता ओलांडून पडवीत गेले आणि पेंडीच्या पोत्यावर आमच्याकडे पाठ करून बसले.

पहिला गोल पाकिस्ताननं केला. मध्यंतराला मी तांब्या घेऊन पडवीत गेले. उन्हानं पत्रा तापलेला, मामांचा सदरा पाठीला चिकटलेला. मी दिसताच त्यांनी हात वर केला. "सांगू नको. तुझ्या तोंडावरनं दिसतंय, पर सांगू नको." पाणी प्यायले आणि बोळे परत कानात घातले.

उत्तरार्धात पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी झाली. खोलीत जो आवाज झाला त्यानं दुधाचा एक रिकामा कॅन आडवा झाला. मग थोड्या वेळानं दुसरा गोल. हा गोल काही नीट कळला नाही. कॉमेंट्री करणारा ओरडला, मग थांबला, मग म्हणाला पाकिस्तानचे खेळाडू पंचाशी हुज्जत घालताहेत. बॉल खांबाला लागून बाहेर आला की आत जाऊन बाहेर आला. पंचानं गोल दिला. दोन-एक. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. चेअरमन टेबलावर चढायला गेला, मी त्याला खाली ओढलं, नाहीतर ट्रान्झिस्टर गेला असता.

त्या गोंधळात मला हवेची झुळूक हवीशी वाटली म्हणून मी दाराकडे वळले, आणि मामा दिसले. रस्त्याच्या मधोमध उभे होते. बोळे कानात नव्हते, मुठीत होते. एवढा आरडाओरडा कापसानं थांबणारा नव्हताच. त्यांनी हात छातीशी नेला, मग खोलीकडे दाखवला: येऊ का?

दहा-एक मिनिटं राहिली असतील. अकरा वर्षं हा माणूस वाट बघत होता. दार आणि त्यांच्यामध्ये पाच-सहा पावलं. या म्हणायला मला मान हलवायची होती, दुसरं काही नाही.

मी दार लावलं. दोन्ही फळ्या ओढल्या आणि आतून कडी घातली.

मागून कुणीतरी म्हणालं, "बरं केलंत वैनी." मार्चच्या दुपारी पत्र्याच्या खोलीचं दार लावलं आणि वीस माणसांपैकी एकानंही उघडा म्हटलं नाही. पण ते सगळे मला मोजायचे नाहीत. ते चौथीचं पुस्तक विसरले असतील. मी विसरले नव्हते. पाऊस कुठून येतो हे मला ठाऊक होतं, मलेशियातला बॉल आमच्या दारातून कोण आत येतं हे बघत नाही हेही ठाऊक होतं. तरी कडी घातली. त्या क्षणी मला मामा नको होते, विश्वचषक हवा होता.

शिटी वाजली. आपण जिंकलो. कडी कुणी काढली आठवत नाही. लोंढा बाहेर पडला तो सरळ मामांवर. त्यांना उचललं. गुलाल कुठून आला ते अजून मला कळलेलं नाही, मार्चात गणपती नव्हते की निवडणूक नव्हती. चेअरमननं कळंबला मोटारसायकल पिटाळली आणि पेढे मागवले. मामांचा सदरा, टोपी, मिशा सगळं गुलाबी झालं. ते हसत होते आणि डोळे पुसत होते. गुलाल डोळ्यात गेला म्हणायला जागा होती.

खांद्यावरून उतरताच त्यांनी गर्दीतून माझ्याकडे वाट काढली. माझ्या कानाशी येऊन, घाईघाईनं: "गोल कशावर झाले? लवकर सांग, हे आता मला इचारणार."

"पहिला पेनल्टी कॉर्नरवर. दुसरा गोलखांबाच्या कोपऱ्याला लागून. भांडण झालं त्यावर."

"कुठल्या बाजूनं?"

"मला न्हाय कळलं, मामा."

त्यांनी मान डोलावली आणि परत गेले. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती. वाड्यावस्त्यांवरून लोक दुधाच्या कासंड्या घेऊन यायला लागले, ज्यांनी सामना ऐकला नव्हता ते म्हणाले, "गुरुजी, सांगा की कसं झालं." आणि मामांनी सांगितलं. खोलीच्या पायरीवर उभं राहून, हातात छत्री स्टिकसारखी धरून. माझ्या दोन वाक्यांवर त्यांनी सगळा सामना उभा केला: बॉल उजवीकडून कसा आला, बचाव कसा फुटला, गोली कुठं फसला. लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. जे आत बसून ऐकून आले होते तेही ऐकत होते, आणि त्यांतला कुणी म्हणाला नाही की गुरुजी, तुम्ही पलीकडे पोत्यावर बसला होता. मी दूध तपासत होते. त्या संध्याकाळी एकाच्या दुधात पाणी निघालं आणि मी ते तसंच घेतलं. तेवढी एकच वेळ.

दाराबद्दल त्यांनी मला काही विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. आत्यांनी मात्र रात्री ताट वाढताना म्हटलं, "आज तरी जेवा," आणि ते दोन भाकरी जास्त जेवले.

मला वाटलं होतं की आता जिंकलो, आता हे संपलं. तसं झालं नाही. शहात्तरच्या ऑलिंपिकला मामांनी एक शब्द ऐकला नाही आणि आपण सातवे आलो. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, "बघा मामा, तुम्ही न्हाय ऐकलं तरी हारलो. आता तरी बसत जा."

ते विचारात पडले. "कळंबच्या स्टँडवर चहा पीत हुतो. हाटेलात रेडिओ लागला हुता. दोन मिनटं पडलं असंल कानावर."

ऐंशीला मॉस्कोचं सोनं. त्या दिवशी मी ट्रान्झिस्टर त्यांच्या पाटासमोर ठेवला, बॅटऱ्या नवीन घातल्या आणि दारात आडवी उभी राहिले. "आज तुम्हाला जाऊ देणार न्हाय."

"सर बाजूला."

"मामा, मी त्या दिवशी रागानं बोलले हुते. त्याला काही अर्थ नव्हता. तुम्हीच सांगितलं हुतं ना टँकरपाशी, पायगुण-बियगुण काही नसतं."

"म्हायती हाय मला," ते म्हणाले. "म्या काय अडाणी हाय? पर पोरी, आठ वर्सांनी फायनल आलीय ऑलिंपिकची, आता कशाला तपासून बघायचं?" छत्री घेतली आणि शेताकडे गेले. आपण जिंकलो. त्यानंतर मला बोलायला जागाच राहिली नाही.

आठ वर्षं नव्हे, सोळा. ऑलिंपिकची फायनल आणि सोनं दोन्ही चौसष्टनंतर पहिल्यांदाच. त्यांच्याकडून अशी चूक कधी होत नसे. ऐकणं सुटल्यावर त्यांची वर्षंही गळायला लागली होती, हे मला त्या दिवशी दारात उभं असताना कळलं.

पुढं त्यांना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन उस्मानाबादला केलं. तेव्हा डोळ्यांवर पट्ट्या बांधून चार-पाच दिवस उताणं निजवून ठेवत. मान हलवायची नाही, खोकायचं नाही. त्यांच्याजवळ मी राहिले. पती कामावर, आत्या थकलेल्या. दुपारी वॉर्ड सुस्त पडला की मामा म्हणायचे, "पोरी, पंचाहत्तरची सांग."

एव्हाना मी ती शंभरदा सांगितली असेल. पहिल्या गोलापासून सुरुवात करायची. ते मधे दुरुस्त करायचे: "मागच्या बारीला तू म्हणलीस बॉल उजवीकडनं आला." मी म्हणायचे, "उजवीकडनंच." त्यांच्याच पायरीवरच्या भाषणातला तो तपशील होता, मी तो उचलला होता आणि आता ते माझ्याकडून तो तपासून घेत होते.

एका दुपारी मी दुसऱ्या गोलापर्यंत आले आणि थांबले. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा घोरत होता. मामांच्या डोळ्यांवर पट्टी होती, त्यामुळे बोलणं जमलं. मी म्हणाले, "मामा, तुम्ही रस्त्यात उभे हुता. येऊ का म्हणलात. मी तुम्हाला बघितलं आन् दार लावलं. कडी मीच घातली."

"म्हायती हाय."

"गर्दीत कुणी लावलं असंल असं तुम्हाला वाटलं असंल म्हणून…"

"तुझा हात दिसला की मला. बांगड्या दिसल्या." मग म्हणाले, "दार लागलं तवाच समजलो, आपण म्होरं हाय. मागं असतो तर तू मला आत घेतलं असतंस."

हे ते कौतुकानं म्हणाले. खेळ कळणाऱ्या माणसानं बरोबर चाल खेळली, असं. मला ते कौतुक घेता आलं नाही. मी विचारलं, "राग न्हाय आला?"

"आला की. संध्याकाळपातूर हुता." मग हात पांघरुणावर सरळ ठेवले. "पुढं सांग. दहा मिनटं राह्यली हुती."

इथं मला सगळंच सांगून टाकायचं होतं, ते निम्मं राहिलं. कारण ती दहा मिनिटं मलाही माहीत नाहीत. कडी घातली आणि मी दाराला पाठ लावून उभी राहिले. रेडिओ चालू होता, माणसं कण्हत होती, कुणी देवाचं नाव घेत होतं. माझं लक्ष बाहेर होतं. ते दार वाजवतील का, परत पडवीत जातील, की तिथंच उन्हात उभे राहतील. पावलांचा आवाज येतो का एवढंच मी ऐकत होते. तो आला नाही. शिटी वाजली ती मला बाकीच्यांच्या ओरडण्यावरून कळली. ही फायनल आमच्या घरात कुणीच शेवटपर्यंत ऐकलेली नाही.

"सांग की," मामा म्हणाले. "झोपलीस व्हय?"

"न्हाय, मामा."

मी खुर्ची खाटेजवळ ओढली. पाकिस्तानला लागोपाठ दोन पेनल्टी कॉर्नर मिळाले, मी म्हणाले, आणि पहिला आपल्या गोलीनं पायानं अडवला.

"डाव्या का उजव्या?"

"डाव्या."

"बरं. मग?"